तोच आउटपुट पुन्हा पुन्हा का चिकटतो?

यंदाच्या पत्रांत पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) रिले आउटपुट मॉड्यूलचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून ते एकत्र घेतले. या मॉड्यूलमध्ये प्रत्येक आउटपुटला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच असतो; त्याचे कॉन्टॅक्ट जोडलेलेच राहिले की आउटपुट ‘चिकटला’ म्हणतात.

प्रश्न : पाउच पॅकिंग मशीनवर २४ व्होल्ट डीसीचा, १० वॉटचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह थेट रिले आउटपुटवर आहे. मिनिटाला ३० स्ट्रोक, रोज दोन पाळ्या. मॉड्यूलवर २ अॅम्पिअर छापलंय, व्हॉल्व्ह अर्धा अॅम्पिअरही घेत नाही. तरी दर दोन-तीन महिन्यांनी तोच आउटपुट चिकटतो. माल हलका आहे का? (मेंटेनन्स विभाग, बुटीबोरी)

उत्तर : मालाला दोष देण्याआधी हिशेब करा. मिनिटाला ३० म्हणजे तासाला १,८०० आणि १६ तासांत २८,८०० वेळा रिले उघडझाप करतो. अशा छोट्या रिलेचं यांत्रिक आयुष्य, म्हणजे कॉन्टॅक्टवर काहीही लोड नसताना, साधारण १ ते २ कोटी वेळांचं धरतात. १ कोटी तुमच्याकडे ३४७ दिवसांत संपतात. पूर्ण लोडवरचं विद्युत आयुष्य तर लाखाच्या घरात असतं.

शिवाय छापलेले २ अॅम्पिअर हे हीटरसारख्या रोधी लोडसाठी असतात. कॉइल तोडताना तिच्यात साठलेली ऊर्जा कॉन्टॅक्टवर ठिणगी होऊन निघते, आणि डीसीत ती ठिणगी लवकर विझत नाही, कारण एसीसारखा प्रवाह शून्यावर येतच नाही. म्हणून कॅटलॉगमध्ये डीसी-१३ (डीसी कॉइलच्या लोडसाठीचा) या वर्गाचा आकडा बघा. तो बराच खाली असतो.

आज करायचं काम : व्हॉल्व्हच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पांढरी पट्टी प्लसकडे. पट्टी चुकली तर आउटपुट सुरू होताच सरळ शॉर्ट, म्हणून प्रत्येक आउटपुटला १ अॅम्पिअरचा फ्यूज हवाच. डायोड मॉड्यूलपाशी नको, व्हॉल्व्हच्या प्लगपाशी लावा. त्याने व्हॉल्व्ह सुटायला किंचित उशीर होतो. सीलिंगची वेळ त्यामुळे हलली तर डायोडसोबत झेनर (कॉइलचा प्रवाह लवकर विझवणारा डायोड) घ्यावा लागेल.

पण खरा उपाय ट्रान्झिस्टर आउटपुट. त्यात झिजणारं काही नाही. बहुतेकांची मर्यादा एका आउटपुटला ०.५ अॅम्पिअर असते आणि तुमचा व्हॉल्व्ह ०.४२ घेतो, चालेल, पण त्याच आउटपुटवर दुसरा व्हॉल्व्ह जोडू नका. घेण्यापूर्वी पीएनपी (लोडला प्लस देणारा) की एनपीएन (मायनस देणारा) हे जुन्या वायरिंगशी ताडून बघा. मध्ये बाहेरचा ६ मिलीमीटर रुंदीचा रिले टाकायचा सल्ला वायरमन हमखास देतो. इथे तो अर्धाच उपाय आहे, कारण मॉड्यूलमधला रिले तेवढ्याच वेळा हलत राहतो. त्यात या बारीक रिलेची कॉइल जेमतेम ७ मिलीअॅम्पिअर घेते, आणि काही मॉड्यूलच्या कॉन्टॅक्टला किमान १० मिलीअॅम्पिअर तरी वाहावे लागतात, नाहीतर चांदीवरचा थर साफ होत नाही.

प्रश्न : आउटपुटचा एलईडी विझतो, पण १०० मीटरवरच्या पॅनेलमधला २३० व्होल्टचा छोटा प्लग-इन रिले ओढलेलाच राहतो. कॉन्टॅक्ट चिकटला नाही, मीटरने तपासलंय. (हिंगणा एमआयडीसी)

उत्तर : आउटपुटच्या कॉन्टॅक्टवर कोणी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी दाबणारी रोध-कपॅसिटरची जोडी) लावलाय का बघा. ५० हर्ट्झवर एवढा कपॅसिटर २३० व्होल्टला सुमारे ७ मिलीअॅम्पिअर सोडतो. कॉन्टॅक्टरला (मोटरसारखे मोठे लोड जोडणाऱ्या मोठ्या रिलेला) ते पुरत नाहीत, पण जेमतेम १ व्हीएची कॉइल असलेल्या रिलेला धरून ठेवायला पुरतात. स्नबर तिथून काढून कॉइलवर लावा. कपॅसिटर एक्स२ (थेट मेन्सवर लावण्याच्या) वर्गाचा आणि २७५ व्होल्ट एसीचाच घ्या.

स्नबर नसेल तर लांब केबलच कपॅसिटरचं काम करतेय. मग रिलेच्या कॉइलला समांतर १० किलो-ओहम, १० वॉटचा रोध जोडा. त्यात सव्वापाच वॉट उष्णता होते, तेव्हा तो वायरच्या डक्टमध्ये कोंबू नका. डिजिटल मीटर अशा ठिकाणी ८०-१०० व्होल्ट दाखवून गोंधळात टाकतो. टेस्ट लॅम्प लावला की खरं कळतं. नवीन पॅनेल असेल तर इतक्या लांब २४ व्होल्ट डीसीच पाठवा.

प्रश्न : जिनिंगमध्ये मे महिन्यात दुपारीच आउटपुट खडखडतात, रात्री ठीक. (सावनेर)

उत्तर : बाहेर ४५ अंश असताना बंद पॅनेलच्या आत ६० सहज होतात, आणि बरीच मॉड्यूल ५५ पर्यंतचीच असतात. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरून ६० वर गेलं की कॉइलचा रोध सुमारे १६ टक्के चढतो, म्हणजे कॉइलचा प्रवाह घटतो आणि रिलेची ओढ कमी होते. त्यात सप्लाय २१ व्होल्टवर आला असेल तर रिले नीट बसत नाही, थरथरतो, आणि थरथरणारा कॉन्टॅक्ट चिकटतोच. सगळे आउटपुट चालू ठेवून, ऐन दुपारी, मॉड्यूलच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट मोजा, एसएमपीएसवर (२४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर) नको. कमी आले तर आधी ढिले स्क्रू आणि बारीक वायर बघा, मगच एसएमपीएसचा व्होल्टेज वाढवा. पंख्याच्या फिल्टरवर कापसाचा थर बसला असेल. हंगामात तो आठवड्याला झाडा, आणि एप्रिलपूर्वी पॅनेलवर सावलीची सोय करा.

प्रश्न : इमर्जन्सी स्टॉपचं बटण पीएलसीच्या इनपुटला दिलंय. पुरेसं आहे ना? (कळमेश्वर)

उत्तर : नाही. चिकटलेला कॉन्टॅक्ट प्रोग्रामचं ऐकत नाही. बटण दाबताच धोक्याच्या आउटपुटांच्या कॉमनचा (सामायिक टर्मिनलचा) सप्लाय सेफ्टी रिलेमार्फत (इमर्जन्सी सर्किटसाठीच बनवलेल्या, स्वतःची तपासणी करणाऱ्या रिलेमार्फत), मालिकेत जोडलेल्या दोन कॉन्टॅक्टरनी तुटला पाहिजे. दोन्ही कॉन्टॅक्टरचे एनसी (कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जोडलेले) कॉन्टॅक्ट सेफ्टी रिलेच्या रिसेट सर्किटमध्ये घ्या, म्हणजे एक चिकटला तरी मशीन पुन्हा सुरू होणार नाही. इनपुटला दिलेलं बटण राहू द्या, स्क्रीनवर संदेश दाखवायला कामी येईल.