वाचकांचे प्रश्न: मेंडोझाची वाइन आणि तांबडा रस्सा

प्रश्न: माझा भाचा अर्जेंटिनात मेंडोझा येथे नोकरीस असून त्याच्या आग्रहाखातर आम्ही उभयता येत्या मार्चमध्ये तिकडे जाणार आहोत. तो प्रदेश वाळवंटी आहे असे वाचले. मग तिथे एवढी द्राक्षे कशी पिकतात? तेथील माल्बेक वाइन आपल्या तांबड्या रश्श्याबरोबर चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: आपण वाचले ते खरे आहे. मेंडोझात वर्षाकाठी सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या गगनबावड्याला तेवढा कधीकधी एका दिवसात कोसळतो. तेथील द्राक्षबागा जगतात त्या अँडीज पर्वतावरील बर्फ वितळून नद्यांना येणाऱ्या पाण्यावर. स्पॅनिश लोक येण्याआधीच तेथील वार्पे या मूळ रहिवाशांनी पाट काढून हे पाणी शेतात खेळवले होते. आजही प्रांताचा जेमतेम 4 टक्के भाग ओलिताखाली आहे आणि पाटाच्या पाण्याची पाळी चुकवून अनेक बागायतदारांचे भागत नाही. शहरातही रस्त्यांच्या कडेने उघडे पाट वाहतात आणि त्यांवरच दुतर्फा झाडे पोसली जातात. 1861 च्या भूकंपात जुने शहर जमीनदोस्त झाल्यावर रुंद रस्ते आणि मोठे चौक आखून ते नव्याने वसवले गेले. संध्याकाळी फिरताना नजर पायाखाली असू द्यावी, कारण या पाटांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

माल्बेक हे द्राक्ष मूळचे फ्रान्सचे. मिशेल एमे पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने 1853 च्या सुमारास ते मेंडोझात आणले आणि तिथे ते मायभूमीपेक्षाही अधिक मानवले. उको खोऱ्यातील बागा 900 ते 1500 मीटर उंचीवर आहेत; दिवसाचे प्रखर ऊन द्राक्षाच्या सालीला गडद रंग देते, तर रात्रीच्या गारव्याने त्यातील आंबटपणा टिकून राहतो. धास्ती असते ती गारपिटीची, म्हणून कित्येक बागांवर जाळ्या ताणलेल्या दिसतील.

आपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलात तर 1936 पासून भरणारा द्राक्षतोडणीचा उत्सव, व्हेंडिमिया, साधता येईल. डोंगराच्या कुशीतील खुल्या नाट्यगृहात रात्री होणारा मुख्य सोहळा भव्य असतो, हे निर्विवाद. परंतु आमच्या मते त्याच दिवशी सकाळी निघणारी मिरवणूक अधिक रंगतदार असते. सजवलेल्या रथांवरून निरनिराळ्या तालुक्यांच्या ‘राण्या’ गर्दीवर द्राक्षे आणि खरबुजे उधळतात व ती झेलण्यासाठी लोक काठीला जाळी बांधून उभे असतात. तेथील टोनादा हे गिटारवरचे लोकगीतही आवर्जून ऐकावे. गाण्याचे शेवटचे कडवे यजमानाला किंवा समोर बसलेल्या श्रोत्याला नाव घेऊन अर्पण करण्याची रीत आहे.

जेवणाबाबत एक सूचना. एम्पानाडा या भाजलेल्या करंजीत सहसा गोमांस असते. ते वर्ज्य असल्यास चीज किंवा मक्याचे सारण मागावे. लाकडाच्या निखाऱ्यावर केवळ मीठ लावून भाजलेले करडाचे मटण मात्र आपल्या जिभेला परके वाटणार नाही. रात्रीचे जेवण नऊनंतरच, ही मानसिक तयारी ठेवावी.

राहिला तांबडा रस्सा. त्याच्याशी माल्बेकचे जमत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वाइनमधील तुरटपणा आणि 13-14 टक्के अल्कोहोल यांमुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि वाइनची चव मात्र हरवते. कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर किंवा भाजलेल्या मटणाबरोबर ती घ्यावी. येताना प्रत्येकी 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, तेव्हा दोन बाटल्या सहज बसतील. ‘रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतील घरांसाठी आहे. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी.