मधल्या फळीत पाठवले म्हणजे डावलले का?

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी चार वर्षांपासून हॉकी खेळते. आजवर ती आघाडीला खेळत होती आणि गोलही करत होती, परंतु या हंगामापासून प्रशिक्षकांनी तिला मधल्या फळीत खेळवायला सुरुवात केली आहे. ती हिरमुसली आहे आणि तिला डावलले जात असल्याचे मलाही वाटते. मधल्या फळीत खेळून कोणाचे नाव होते का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, परंतु प्रशिक्षकांच्या निर्णयाचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. खेळाची जाण असलेल्या आणि दमसास टिकवून धरणाऱ्या मुलीलाच सहसा तेथे खेळवले जाते, कारण ती जागा डळमळीत झाली की आघाडीला चेंडू मिळत नाही आणि बचावफळी उघडी पडते.

नावाविषयी विचारता, तर मधल्या फळीतच खेळणाऱ्या मनप्रीत सिंगची कारकीर्द पाहा. जालंधरजवळच्या मिठापूरचा हा खेळाडू 2011 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भारताकडून प्रथम खेळला. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये भारत सर्व सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. त्या संघात तो होता. नऊ वर्षांनी टोकियोत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने 41 वर्षांनंतर ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक जिंकले. 2019 साठीचा आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. चार ऑलिंपिक आणि चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नावावर आहेत.

टोकियोतील कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जर्मनीला 5-4 असे हरवले, आणि त्या पाच गोलांत मनप्रीतचा एकही नव्हता. पहिला गोल आठवा. मणिपूरच्या नीलकांत शर्माने मधल्या फळीतून लांब पास दिला, सहकारी सिमरनजीत सिंगने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, तो अडवून वळता वळता स्टिक उलटी फिरवून रिव्हर्स फटका मारला आणि भारताने बरोबरी साधली. धावफलकावर सिमरनजीतचे नाव आले आणि ते योग्यच होते. मात्र बचावपटूंच्या मधली फट नीलकांतला दिसली नसती, तर तो फटका मारण्याची वेळच आली नसती. मला तरी त्या गोलात पासच अधिक सुंदर वाटतो.

या जागेवर घडलेला खेळाडू अडचणीच्या वेळी कोठेही उभा राहू शकतो. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना भारताला दहाच खेळाडूंनी खेळावा लागला. तेव्हा मनप्रीत मागे बचावफळीत गेला. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये भारत 4-2 असा जिंकला.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल, तर मुंबईचे विरेन रस्किन्हा हेही मधल्या फळीचेच. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते खेळले आणि भारताचे कर्णधारही झाले.

आता एक करून पाहा. पुढच्या सामन्यात दहा मिनिटे चेंडूचा नाद सोडून फक्त मुलीकडे लक्ष ठेवा. चेंडू येण्याआधी ती खांद्यावरून मागे पाहते का, चेंडू गेल्यावर लगेच परत धावते का आणि सोपा पास चटकन देते का, हे टिपून घ्या. मग ते टिपण घेऊन प्रशिक्षकांना भेटा आणि तिला तेथे का खेळवता, असे मोकळेपणाने विचारा. या भेटीच्या वेळी मुलीलाही सोबत न्या; तिच्यात काय दिसले, हे तिला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.