बंद पंपाशेजारची विहीर

प्रश्न : आमच्या विहिरीपासून साठेक मीटरवरचा पेट्रोल पंप बारा वर्षांपूर्वी बंद पडला. टाक्या काढल्या की जमिनीतच आहेत, कुणी सांगत नाही. मे महिन्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, पावसाळ्यात जातो. पाणी तपासून घेतलं, तर अहवाल ‘पिण्यायोग्य’ आला. काय समजावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तूर्त दुसरं पाणी घ्या. नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढंच पाहतात. पेट्रोलमधलं विषारी रसायन बेंझीन कुणी शोधतच नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ (अशी रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेकडे ‘बीटेक्स’ म्हणजे बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन, झायलीन, आणि सोबत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मागा. पंप 2000 सालाआधीचा असेल तर शिसंही, कारण तोवर शिसंयुक्त पेट्रोल विकलं जात होतं.

वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं, असं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाणी चढलं की ते मुरमाच्या फटींत अडकून पडतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की सुटून पुन्हा वर जमतं. म्हणून मेअखेर आणि ऑक्टोबर, असे दोन्ही नमुने हवेत. फक्त ऑक्टोबरचा स्वच्छ अहवाल दाखवून कुणी प्रकरण मिटवत असेल तर ऐकू नका. आणि नाकावर तर मुळीच विसंबू नका : जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, वास मात्र त्याच्या साधारण हजारपट झाल्यावर येतो.

अनेक अहवाल बाटलीतच बिघडतात. प्लास्टिकची बाटली नको. प्रयोगशाळेकडून 40 मिलिलिटरच्या, टेफ्लॉन चकतीच्या काचेच्या कुप्या घ्या. आत आम्लाचे थेंब असतात, त्यामुळे सवयीनं तीनदा विसळू नका. कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर बेंझीन त्यात उडून बसणार; ती कुपी टाकून नवी भरा. बर्फाच्या पेटीत ठेवून 14 दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. नमुना थेट विहिरीतून घ्या, घरच्या टाकीतून किंवा नळातून नको. डिझेल इंजिन चालू असेल तर आधी ते बंद करा. पाण्यावर पेट्रोलचा थर स्पष्ट दिसत असेल, तर विरघळलेलं मोजायची घाई नको. थराची जाडी नोंदवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

प्रश्न : ग्रामपंचायत निरीक्षणासाठी बोअर घेणार आहे. किती आणि कसे?

उत्तर : किमान तीन, आणि एका ओळीत नकोत, त्रिकोणात. तिन्हींच्या पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजली की भूजलाचा उतार, म्हणजे ते कुठं वाहतं, कळतो. एक बोअर पंपाच्या वरच्या अंगाला, दोन खालच्या. अर्थात आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटीफटीनं पळतं, तेव्हा हिशेबाची दिशा चुकू शकते. आसपासच्या जुन्या विहिरीही तपासात घ्या.

सगळ्यात मोठी चूक होते ती स्लॉटेड, म्हणजे भोकं पाडलेल्या पाइपची. भोकांचा भाग मे महिन्यातल्या पातळीच्या खालपासून पावसाळ्यातल्या पातळीच्या वरपर्यंत हवा. तो कायम पाण्याखाली राहिला तर तरंगतं पेट्रोल बोअरमध्ये शिरतच नाही, आणि अहवाल वर्षानुवर्षं स्वच्छ येत राहतो. वरचा एक-दीड मीटर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटनं बंद करा, नाहीतर रस्त्यावरचं तेलकट पाणी आत उतरेल.

नमुन्याआधी बोअरमध्ये साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा. 100 मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे 7.85 लिटर मावतं. 6 मीटर पाणी असेल तर 47 लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे 141. हे पाणी गटारात ओतू नका, ड्रममध्ये भरून ठेवा.

प्रश्न : पाण्यावर रंगीत तवंग आहे. पेट्रोलच ना?

उत्तर : काडी फिरवा. तवंगाचे टोकदार तुकडे होऊन ते सुटेच राहिले, तर बहुधा लोहजिवाणू. काडीमागे ओढला जाऊन पुन्हा सांधला, तर तेल. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तेल जात नाही.