१९ वर्षांच्या भावावर चोरीचा गुन्हा: कबूल करून दंड भरून टाकावा का?

तुमच्या १९ वर्षांच्या भावाला दुकानातून अडीच हजारांचे इअरफोन उचलताना पकडलं, त्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि ‘कोर्टात कबूल करा, दंड भरा, विषय मिटवा’ असं सगळे सांगताहेत. मी फौजदारी वकिली करतो. माझं म्हणणं, घाईने कबुली देऊ नका.

आधी कागदावर कोणतं कलम लागलंय ते बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), म्हणजे साधी चोरी, असेल आणि मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो) आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. पण दुकान म्हणजे माल ठेवण्याची इमारत, असं धरून कलम ३०५ही लावलं जाऊ शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि जामीन हक्काने मिळत नाही. पंचनाम्यात मुद्देमालाची किंमत काय लिहिलीय तेही बिलाशी ताडून पाहा, कारण पाच हजारांची रेघ तिथेच ठरते.

३०३(२) असेल तर दुकानमालकाशी तडजोड हा सगळ्यात चांगला मार्ग. कायद्याने मालक हा गुन्हा आपसात मिटवू शकतो आणि तसं झालं की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. म्हणून घरातल्या मोठ्या माणसाने मालकाला शांतपणे भेटावं, पण वकिलाला विचारूनच. ३०५ मध्ये ही सोय नाही. तिथे मालक राजी असला तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

कबुलीची भीती मला का वाटते ते सांगतो. न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे?’ मुलगा खाली मान घालून ‘हो’ म्हणतो आणि तेवढ्यावर दोषसिद्धीची नोंद होते. पुढे चारित्र्य पडताळणीत तीच वर येते. खटला चालून दोषी ठरलाच, तरी १९५८ चा परिविक्षा कायदा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी समज देऊन किंवा हमीवर सोडण्याची सोय) आहे. २१ वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, तशी कारणं लेखी द्यावी लागतात. नुसती समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि तसं सोडलं तर याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र वय मोजतात ते न्यायालय दोषी ठरवतं त्या दिवशीचं, म्हणून तारखा लांबवू नका.

(भाऊ १८ च्या आतला असता तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं असतं. घटनेच्या दिवशीचं वय धरतात, तेव्हा जन्मदाखला एकदा बघाच.)

पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायला लावलं तर नकार द्या, तपासातल्या जबाबावर सही लागत नाही. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) म्हटलंय की तरुण वयातला किरकोळ गुन्हा नोकरी देणारा माफ करू शकतो, पण माहिती दडवणं नोकरी जायला कारण ठरू शकतं. आणि प्रत्येक तारखेला भाऊ स्वतः हजर राहील एवढं बघा. गैरहजर राहिला की वॉरंट निघतं.