वाचकांचे प्रश्न : इंजिन बदललेली जुनी एमजी विकताना

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला राहतो. १९७२ ची एमजीबी जीटी (एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार) वीस वर्षे सांभाळली. मूळ इंजिन काढून रोव्हर कंपनीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून घेतले. आता गुडघे साथ देत नाहीत. जीव लावलेली ही गाडी कशी विकावी?
– एक वाचक

उत्तर : सर्वप्रथम जाहिरातीत स्पष्ट लिहा की ही कारखान्यातून आलेली व्ही-८ नव्हे. एमजीने १९७३ ते १९७६ या काळात स्वतः एमजीबी जीटी व्ही-८ बनवली होती आणि तिची संख्या तीन हजारांहूनही कमी असल्याने, तुमची गाडी त्यांपैकी एक असल्याचा नुसता भास झाला तरी जाणकार ग्राहक पाठ फिरवील. उलट खरे सांगितल्यास काम चांगले असल्याची किंमत मिळते, कारण ३५२८ सीसीचे हे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्याने मूळच्या १७९८ सीसीच्या लोखंडी इंजिनापेक्षा फारसे जड नाही आणि त्या गाडीला ते शोभते.

नोंदणीपत्रावरील इंजिन क्रमांक व सीसी बदललेली नसतील, तर विक्रीपूर्वी डीव्हीएलएकडे (ब्रिटनमधील वाहन नोंदणी कार्यालय) बदलून घ्या. ब्रेक, रेडिएटर व गिअरबॉक्स यांत काय बदलले, याची बिले आणि छायाचित्रे एकत्र ठेवा. मूळ इंजिन जपले असेल, तर ते गाडीसोबतच द्या; वेगळे विकू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चालवून पाहू देण्याआधी समोरच्याचा विमा तपासा, आणि दोन ग्राहकांचे भाव जवळपास सारखे असल्यास बोनेट उघडून तुम्हाला जास्त प्रश्न विचारणाऱ्यालाच गाडी द्या.