सापळा भरतो, तरी फळे किडतात

प्रश्न : माझी आंबा आणि पेरूची लहान बाग आहे. फवारणी टाळावी म्हणून गेल्या हंगामात फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाचे सापळे लावले. त्यांत माश्यांचा खच पडत होता, तरीही पेरूंत अळ्या निघाल्याच. आता सापळ्यांची संख्या वाढवावी का?

उत्तर : संख्या वाढवण्याआधी सापळ्यात कोण अडकते ते पाहावे. मिथाईल युजेनॉलकडे फळमाशीचे नर ओढले जातात. साल भेदून आत अंडी घालणारी मादी तिकडे सहसा फिरकत नाही. एक नर अनेक माद्यांना फलित करू शकतो. त्यामुळे बहुतेक नर मेले तरी उरलेल्या थोड्या नरांवर माद्यांचे काम भागते आणि आधीच फलित झालेल्या माद्या शेजारच्या बागांतून उडत येतात, त्या वेगळ्याच. पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावरून १९६०च्या दशकात याच आकर्षकाच्या साहाय्याने फळमाशीचे उच्चाटन झाले, परंतु तिथे चहूबाजूंनी समुद्र होता आणि संपूर्ण बेटावर एकाच वेळी मोहीम राबवली गेली होती. आपल्या बागेला तसे कुंपण नाही. म्हणून सापळे एकरी चार ते सहा इतकेच ठेवावेत आणि शक्य असल्यास लगतच्या बागायतदारांनाही त्याच आठवड्यात ते लावायला सांगावे. सापळा सावलीत, डोक्याच्या उंचीवर टांगावा. त्याच्या तारेला ग्रीस लावावे, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि माश्यांचा अंदाज चुकतो.

खरे काम झाडाखाली आहे. गळलेला एखादा पेरू कापून पाहावा : गरात पांढरट अळ्या वळवळताना दिसतील आणि पूर्ण वाढलेली अळी अंगाचे कडे करून टुणकन उडीही मारेल. अशी अळी फळातून बाहेर पडून जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात कोषात जाते आणि उबदार हवामानात साधारण दहा दिवसांत नवी माशी वर येते. याचा अर्थ असा की आज न वेचलेले फळ याच हंगामातल्या पुढच्या फळांना डंख मारणाऱ्या माद्या तयार करत असते. पडलेली आणि झाडावरच डंखलेली फळे एक दिवसाआड वेचावीत. ती उकिरड्यावर टाकू नयेत आणि वरवर मातीने झाकूही नयेत, कारण भुसभुशीत मातीच्या पातळ थरातून माशी सहज वर येते. खड्डा किमान दोन फूट खोल असावा आणि माती दाबून भरावी; किंवा फळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत.

याहून चांगला एक उपाय हवाईमध्ये विकसित झाला, तो मला फार आवडतो. वेचलेली फळे बारीक जाळीच्या बंद तंबूत टाकतात. जाळीची छिद्रे अशा मापाची असतात की आत जन्मलेली माशी अडकून मरते, परंतु तिच्या अंड्या-अळ्यांवर वाढणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या त्यांतून निसटून पुन्हा बागेत जातात. सरसकट फवारणीने नेमक्या याच मित्रकीटकांचा बळी जातो, तर अळी गराच्या आत सुरक्षित राहते.

लहान बागेत सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फळांना कागदी पिशव्या घालणे. पेरू लिंबाएवढा आणि आंबा अंड्याएवढा झाला की पिशवी चढवावी. त्याआधी प्रत्येक फळ न्याहाळावे. डंखाचा डाग असलेले फळ पिशवीत बंद केले तर श्रम वाया जातात. मजुरी लागते हे खरे, पण मोजक्या झाडांना ती परवडते. आंबा झाडावर पिकू न देता पक्व झाल्यावर कडक असतानाच काढल्यासही प्रादुर्भाव घटतो.

प्रश्न : हेच सापळे आम्ही कारल्याच्या मांडवात लावले, पण ते रिकामेच राहिले. कारली मात्र वाकडी होऊन पिवळी पडतात.

उत्तर : वेलवर्गीय पिकांवरची माशी निराळी आहे. तिच्या नरांना मिथाईल युजेनॉलचे आकर्षण नसते. त्यांच्यासाठी क्यू ल्युअर हे वेगळे वासाचे आमिष लागते. या माशीची एक सवय मात्र आपल्या उपयोगाची आहे. ती वेलांत मुख्यतः अंडी घालण्यापुरती येते आणि एरवी बांधावरच्या उंच झाडोऱ्यात विसावते. म्हणून मांडवाभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी लावून, त्या पानांच्या खालच्या बाजूला प्रथिनयुक्त आमिषात स्पिनोसॅड हे कीटकनाशक मिसळून मोठ्या थेंबांत ठिकठिकाणी शिंपडावे. अंडी पक्व होण्यासाठी मादीला प्रथिने लागतात, त्यामुळे इथे मादीच आमिषाला भुलते. नुसत्या गुळाच्या पाण्याला ही ओढ नसते. स्पिनोसॅड ओले असताना मधमाश्यांना घातक ठरते. शिंपडणी संध्याकाळी करावी, वेलीच्या फुलांवर थेंब जाऊ देऊ नयेत आणि पाऊस झाल्यास पुन्हा करावी.

प्रश्न : विकतच्या आमिषाऐवजी तुळशीचा पाला ठेचून आंब्याच्या बागेतल्या सापळ्यात ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल. तुळशीत मिथाईल युजेनॉल असतेच आणि ठेचलेल्या पाल्यावर नर येतात. सापळ्याच्या तळाशी साबणाचे पाणी ठेवले तर कीटकनाशकही लागत नाही. मात्र हा वास लवकर उडून जातो, तेव्हा पाला वरचेवर बदलण्याची तयारी हवी. बागेत माशी उतरली की नाही, एवढे पाहण्यासाठी तो पुरेसा आहे. पूर्ण हंगामासाठी विकतचे ल्युअरच घ्यावे आणि ते हाताळताना हातमोजे घालावेत.