अधिवेशनात नवे सदस्य मागच्याच रांगेत का बसतात?

प्रश्न : आमच्या अभियंता संघटनेचं अधिवेशन या हिवाळ्यात बडोद्यात आहे. तीनेकशे प्रतिनिधी येतात; पण विद्यार्थी, लहान गावांतले तरुण आणि महिला मोजक्याच. येतात तेही मागे बसतात, जेवून निघून जातात. 'युवा सत्र' ठेवलं, तरी फरक नाही. काय करावं? – कार्यवाह, बडोदा

उत्तर : युवा सत्र बहुतेक शेवटच्या दुपारी लागतं, तेव्हा ज्येष्ठ मंडळी गाडी गाठायला निघालेली असतात. ते रद्द करा आणि त्याच मुलांना मुख्य सत्रांत वेळ द्या.

खरी गळती पैशांपाशी होते. 'आधी खर्च करा, बिलं दाखवा, मग देऊ' असं म्हटलं की ज्याच्या हातात आधीच पैसे आहेत तोच येतो. दाहोद किंवा छोटा उदेपूरहून येणाऱ्या मुलीचं तिकीट आणि खोली संघटनेनेच काढावी आणि निदान सहा आठवडे आधी कळवावं, म्हणजे घरी विचारायला वेळ मिळतो. उत्तरायणाचा 14 जानेवारी आणि लग्नाचे मोठे मुहूर्त टाळा. त्या दिवसांत स्वस्त खोल्या मिळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या सवलतीला लवकर नोंदणीची अट नको, कारण कॉलेजची परवानगी अनेकदा मुदत उलटल्यावर हातात पडते. रात्रीचं जेवणही त्याच शुल्कात धरा. कूपन नाही म्हणून दारातून परत फिरवलेला मुलगा पुन्हा येत नाही. मदतीसाठी जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला घेणार असाल तर तो समितीतल्या दोघांनीच पाहावा, रक्कम थेट खात्यात जावी. मंचावर बोलावून, फोटो काढून पाकीट देणं कृपा करून बंद करा. तो पाहुणा नाही, तुमच्याच व्यवसायातला माणूस आहे.

प्रश्नोत्तरांना 5 नव्हे, 10 मिनिटं ठेवा आणि पहिला प्रश्न नव्या सदस्याला, शक्यतो महिलेला विचारू द्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 10 देशांतल्या जवळपास 250 चर्चासत्रांच्या पाहणीत, पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी येतात, असं दिसलं होतं. अध्यक्षांना हे आदल्या दिवशीच सांगा. ऐन वेळी ते ओळखीच्या चेहऱ्याकडेच माइक देतात. रांगेरांगेत कोऱ्या चिठ्ठ्या फिरवा. इंग्रजीत अडखळणारी मुलं गुजराती, मराठी, हिंदीत नेमका प्रश्न लिहून देतात.

पोस्टर, म्हणजे आपलं काम फलकावर लावून शेजारी उभं राहून समजावणं, जिन्याखाली, चहाच्या वेळेत उरकू नका. एक तास मोकळा ठेवा, त्या वेळी दुसरं सत्र नको. ए-झिरो आकाराचं उभं पोस्टर 841 मिलिमीटर रुंद असतं, म्हणून फलक मीटरभर रुंद हवा आणि दोन फलकांत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. 40 पोस्टर असतील तर 14 ज्येष्ठांना प्रत्येकी तीन वाटून नावानिशी यादी द्या. नुसतं 'सगळ्यांनी बघा' म्हटलं की कुणीच बघत नाही.

गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव मोठं छापा, पद नको, आणि दोन्ही बाजूंनी छापा. पट्ट्याला लटकलेलं कार्ड नेमकं उलटं फिरतं.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. अधिवेशनाला जावं का? – एक सदस्या, बडोदा

उत्तर : जरूर जा, पण नोंदणी करतानाच लेखी विचारा : सभागृहाजवळ आतून कडी लागणारी खोली, त्यात खुर्ची, प्लग आणि पिण्याचं पाणी मिळेल का? बरोबर येणाऱ्या आजी किंवा मावशीला शुल्क न घेता आत सोडतील का, तेही विचारून घ्या. नाहीतर दारावरचा स्वयंसेवक त्यांना अडवतो आणि तुमचं भाषण बुडतं.